फुकटातलं निवडणारी मंदा

मी एकदा माझ्या घरातल्या कॉम्प्युटरचा पत्ता साऱ्या जगाला वाटला होता. जग म्हणजे आमच्या भिलईच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप, पण त्या दिवशी मला तेच जग वाटत होतं. झालं असं, की साठी उलटून गेल्यावर मी स्वतःच्या हाताने एक वेबपेज तयार केलं. वर ठळक अक्षरांत 'माझी बाग', खाली कुंडीतल्या झेंडूचा फोटो, त्याखाली चार ओळी, आणि मागे असा पिवळा रंग की बघणाऱ्याने डोळे चोळावेत. पान स्क्रीनवर उघडलं आणि वरच्या पट्टीत त्याचा पत्ताही दिसला. पत्ता दिसतो म्हणजे पान इंटरनेटवर गेलं, हे मला इतकं उघड वाटलं की कोणाला विचारायची गरजच पडली नाही. मी तो पत्ता अक्षरन् अक्षर उचलला. आधी 'फाइल', मग तिरप्या रेघा, मग 'सी', मग माझं नाव, मग 'डेस्कटॉप'. तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "माझे संकेतस्थळ सुरू झाले आहे. सर्वांनी पाहावे व अभिप्राय कळवावा." ज्यांना यातलं कळतं ते आत्ताच हसले असतील. ज्यांना कळत नाही त्यांना सांगते, ते पान माझ्या टेबलावरच्या खोक्यात होतं आणि खोक्याच्या बाहेर कुठेही नव्हतं. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, डाव्या बाजूच्या डब्यात लाडू आहेत, असं गावाला कळवून मी लोकांना आपापल्या घरी बसून ते खायला सांगत होते.

संध्याकाळपर्यंत कोणाचंच उघडेना. रायपूरच्या एका वहिनींनी लिहिलं, "काही दिसत नाही." मी त्यांना कळवलं की तुमच्याकडचं नेट मंद आहे. दुर्गच्या एका रिटायर्ड गार्डसाहेबांनी लिहिलं, "फाइल सापडत नाही असं म्हणतंय." मी त्यांना फोन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं, आणि तरी झालं नाही तेव्हा चष्मा लावून बघायला सांगितलं. आता आठवलं की त्या बाईचा, म्हणजे माझाच, कान धरावासा वाटतो. हा सगळा उपद्व्याप मी केला तो एका माणसाला दाखवण्यासाठी. ती माझी मैत्रीण मंदा. तिने माझा तो संदेश वाचला, त्या दिवशी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही, आणि पुढे तिने जे केलं ते मी तिला कधी माफ केलं नाही... ते सांगेनच. पण मंदा गेली त्याला आता काही आठवडे झाले, आणि माफ न करण्यासाठीसुद्धा समोर कोणी लागतं, हे मला या वयात नव्याने कळतं आहे.

ती गेली त्या सकाळी मी तिच्यावर चिडलेली होते. आदल्या संध्याकाळी तिने नेहमीसारखी एक लिंक पाठवली होती, सोबत नेहमीचेच शब्द, "पाह्य अन् सांग." वेबपेज शिकवणारा एक फुकटचा व्हिडिओ होता. मी सकाळी उठून देवाला दिवा लावायच्या आधी तो बघितला आणि त्यातल्या चुकांची लांबलचक यादी लिहून तिला पाठवली. शिकवणारा माणूस पहिला अर्धा वेळ स्वतःचं कौतुक सांगतो. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. 'हे तर सोपंच आहे' असं इतक्या वेळा म्हणतो की ज्याला सोपं वाटत नाही त्याने जीव द्यावा. संदेशाखाली बरोबरच्या दोन राखाडी खुणा उमटल्या, त्या काही निळ्या होईनात. मी म्हटलं, बाईसाहेबांना लागलं दिसतं. चांगलं झालं. मग फोन वाजला. दामिनीचा होता. दामिनी साहू, अहिवारा गावची मुलगी, मंदाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, आता नोकरी करते. "आजी, मॅडम गेल्या," ती म्हणाली. "चहा ठेवून राहिल्या होत्या गॅसवर... अन् तेथीच बसल्या खाली." खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता ती यादी कोण वाचणार? दुःख त्याच्या मागून आलं, सावकाश, पायऱ्या चढत.

आम्ही दोघी नंदिनी नगरच्या एका शाळेत शिक्षिका होतो. ती तुमसरकडची, मी गोंदियाकडची. दोघींचे नवरे भिलईच्या पोलादाच्या प्लँटमध्ये, दोघींची क्वार्टर्स एकाच सेक्टरमध्ये, आणि सकाळी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींकडे, म्हणजे शाळेच्या बाजूला, जाणारी बसही एकच. मी गणित शिकवायची, ती गृहविज्ञान. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायची. कडक इस्त्रीची साडी, हातात लाकडी कंपास, चेहऱ्यावर कोणीतरी आत्ताच चूक केली आहे असा भाव. मुली मला बघून वाट बदलायच्या आणि त्याला मी आदर समजायची. मंदाला बघून त्याच मुली वाट बदलून तिच्याकडे जायच्या. शिक्षक दिनाला माझ्या टेबलावर गुलाबाची फुलं यायची ती मुख्याध्यापिकेने वर्गवार वाटायला सांगितलेली. तिच्या टेबलावर घरून तोडून आणलेला मोगरा असायचा, ओल्या रुमालात बांधलेला. एकदा मी लेखी तक्रार केली की गृहविज्ञानाच्या खोलीतून चिवड्याचा वास येतो आणि माझ्या वर्गाचं बीजगणितात लक्ष लागत नाही. मुख्याध्यापिका न्यायी होत्या. त्यांनी चिवडा बंद केला नाही, माझा वर्ग हलवला. सायकल स्टँडशेजारच्या पत्र्याच्या खोलीत, एप्रिलात. दुसऱ्या दिवशी मंदाने तिथे वाटीभर चिवडा पाठवला. मी तो परत पाठवणार होते, पण आधी थोडा खाऊन बघितला आणि मग वाटी परत पाठवली.

मंदाबद्दल एक गोष्ट माहीत नसेल तर पुढचं काही समजणार नाही. तिला फुकटचं आवडायचं. ती कंजूष नव्हती, लग्नाकार्यात तिचा हात माझ्यापेक्षा सैल. पण बाजारात जी वस्तू अशीच मिळायला पाहिजे तिचे पैसे कोणी घेतले की तिच्या अंगाची आग व्हायची. सेक्टर सहाच्या बाजारात ती भाजीवाल्याकडून फुकटचा सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, अशी घ्यायची की त्यालाच उपकार झाल्यासारखं वाटावं. आणि फुकट दिला म्हणून काहीही घ्यायची नाही. काडी मोडून बघायची, वास घ्यायची, पिवळं पान दिसलं की जुडी परत. "फुकट देऊन राहिला तर काय सडेल देशील? माह्यं पोट का फुकटचं आहे?" भाजीवाला छत्तीसगढीत काहीतरी पुटपुटत ताजी जुडी काढायचा. मी शेजारी उभी राहून लाजेने वांग्याकडे बघत राहायची. आणि घरी आल्यावर माझ्या पिशवीत कोथिंबीर नसायची, कारण मला मागता यायचं नाही... याचा रागसुद्धा मी तिच्यावरच काढायची.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी आमच्या गल्लीतली एक मुलगी शहरातल्या कुठल्याशा क्लासला वेबसाइट बनवायला शिकायला जाऊ लागली. तिथली फी ऐकून मंदा माझ्याकडे तणतणत आली. "सुलू, मी पाह्यलं. थे जे शिकवून राहिले ना, थे सारं नेटवर पडून आहे. उघड्यावर. कोनी बी घ्या. अन् हे लोक त्याचे पैसे घेऊन राहिले." मी म्हटलं, "मग तुला काय करायचं आहे? तुला येतं का वेबसाइट बनवायला?" "नाई येत," ती म्हणाली. "सांबार का मी पिकवते? पारख तर येते." आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिच्या पुढच्या खोलीत, कूलरसमोर, मुलांना फुकट वेब प्रोग्रामिंग शिकवणं सुरू झालं. ती मुलांच्या एक धडा पुढे असायची, कधी कधी अर्धाच. ज्याला कोणाला नवीन कॉम्प्युटर घ्यायचा असेल त्याचा जुना ती उचलून आणायची. तोही अर्थात फुकट.

आता गणिताची शिक्षिका कोण होती? मी. तर्कशुद्ध विचार कोणी शिकवला होता नंदिनी नगरच्या पिढ्यान् पिढ्यांना? मी. आणि 'मॅडम, मॅडम' करत मुलं जात होती ती साबुदाणा भिजवायला शिकवणाऱ्या बाईकडे. मला झोप येईना. मी पैसे भरून एक कोर्स घेतला, महागाचा, कारण महाग म्हणजे चांगला अशी माझी तेव्हा समजूत होती. त्याच्या शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळायचं. मी गेटवर पाटी रंगवून घेतली, 'सुलोचना कॉम्प्युटर क्लासेस', आणि त्या विकतच्या कोर्सातलं इंग्रजी फळ्यावर उतरवून द्यायला लागले. पहिल्या आठवड्यात फक्त इंटरनेटचा इतिहास. मुलं आली, त्यांनी माना डोलावल्या, आणि एकेक करून मंदाच्या कूलरसमोर जाऊन बसली. शेवटी उरली माझी नात मिनू, अकरावीतली. तीही एक दिवस वही मिटून म्हणाली, "आजी, बुरा मत मान ना. तुझ्याकडे मी फक्त लिहून राहिली. मंदा आजीकडे पहिल्याच दिवशी बटण दाबलं ना, तर पूर्ण पेजचा रंग बदलला."

"रंग काय, सरडासुद्धा बदलतो," मी म्हटलं.

"हां, पण सरड्याला कोड नाही लिहावं लागत," मिनू म्हणाली आणि गेली. मला ते उत्तर आवडलं, हे तर फारच वाईट झालं. कारण इतकं चांगलं उत्तर माझ्या क्लासमध्ये बसून तिला सुचलं नसतं.

पाटी उतरवली त्या दिवसापासून मंदा माझ्याकडे येऊ लागली. हातात फोन, चष्मा कपाळावर. "हे पाह्य, नवीन सापडलं." मी विचारायची, "मला कशाला दाखवतेस?" आणि ती म्हणायची, "तू मास्तरीण ना वं. पाह्य अन् सांग." मला वाटायचं ही मिरवायला येते. माझी पाटी उतरली, हिचा वर्ग भरला, तो भरलेला वर्ग मला मुद्दाम दाखवायला येते. म्हणून मी बदला घ्यायची. तिने आणलेल्या प्रत्येक धड्याचं मी असं पोस्टमॉर्टेम करायची की त्यात जीव राहू नये. हा फार भरभर बोलतो, गाडी सुटल्यासारखा. इथे कंस उघडला तो बंद करायचा सांगितलाच नाही, पोर तिथेच अडकेल. हा गणिताचं उदाहरण देतो आणि त्याचं उत्तरच चुकलं आहे. ती ऐकून घ्यायची, "बरं" म्हणायची, चपला घालायची. मी दारातून तिची पाठ बघायची आणि त्या दिवशी माझा चहा छान व्हायचा.

पण तिच्याकडूनच मला कळत गेलं की फुकटात सुद्धा किती जाती असतात. अधूनमधून एखाद्या धड्यापुढे माझी जीभ अडायची, इतका तो नेटका असायचा, आणि अशाच एकाला एकदा तिनेच मान हलवली. "नाई चालत. पहिले काही धडे फुकट देते अन् मंग कार्ड मांगते."

"मग तेवढेच शिकव."

"अन् त्याच्या पुढच्या दिवशी पोट्ट्यांले काय सांगू? वरचे टमाटे चांगले होते, खालचे सडेल निंगाले?"

दुसरा एक धडा सुरू व्हायच्या आधी फोन नंबर मागायचा. तो ती सरळ बाद करायची, कारण मग मुलांच्या बापांना दिवसभर विक्रेत्यांचे फोन येतात आणि बाप मुलीचा फोन काढून घेतो. तिसरा फक्त मोठ्या कॉम्प्युटरवर चालायचा. तिच्याकडे येणाऱ्या मुलांजवळ काय असायचं, तर रसमड्याच्या फॅक्टरीतून बाप घरी आला की हाती येणारा त्याचा फोन, काच तडकलेली. त्या फोनवर उघडतं का, तिच्या घरून उतरवून घेतलं तर नेटशिवाय घरी बघता येतं का, हिंदीत समजावलं आहे का, हे ती आधी बघायची. आणि सगळ्यांत शेवटी एक कसोटी. पहिल्या बैठकीत मुलाचं स्वतःचं नाव पडद्यावर आलं पाहिजे. "नाव दिसलं का पोट्टं परत येते," ती म्हणायची. "नाई दिसलं तर मंग त्याले इतिहास सांगत बस." हे ती माझ्याकडे बघून म्हणायची की सहज, ते मला कधी कळलं नाही. मी धरून चालायची की माझ्याकडे बघूनच.

अशात मी तो झेंडूचा पराक्रम केला. चोरून. तिच्याच एका फुकटच्या धड्यावरून शिकून, पण हे मी कोणाला सांगणार नव्हते. मला एवढंच हवं होतं की तिने एकदा म्हणावं, सुलू, तुलाही येतं. बाकी साऱ्या ग्रुपने काही म्हटलं नसतं तरी चाललं असतं. सकाळी पत्ता टाकला आणि संध्याकाळपर्यंत काय झालं ते वर सांगितलंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा दारात उभी, हातात पेनड्राइव्ह. "दाखव तुही बाग," ती म्हणाली. ती माझ्या खुर्चीत बसली. हसली नाही. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. पान वरपासून खालपर्यंत वाचलं, पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचलं, फोनने पडद्याचा एक फोटो काढला, मग सगळं त्या पेनड्राइव्हवर घेतलं आणि निघून गेली. दुपारी ग्रुपवर तिचा संदेश आला. "सुलूच्या बागेचा बाहेरचा पत्ता हा. आधीचा आतला होता. झेंडू चांगला आहे." खाली एक खरीखुरी लिंक. तिने माझं पान कुठल्याशा फुकटच्या जागेवर नेऊन ठेवलं होतं. आणि आता ते सगळ्यांचं उघडलं. रायपूरच्या वहिनींचं उघडलं, गार्डसाहेबांचं चष्म्याशिवाय उघडलं. आणि कौतुकाचा पूर आला... "वा मंदाताई." "मंदाताई, कमाल केली." "या वयातही मंदाताई." माझ्या झेंडूवर मंदाताईंचा सत्कार झाला.

मी पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही. रस्त्यात दिसली की मी गुलमोहराचं निरीक्षण करायची. तिला बहुतेक कळलंच नाही की मी रुसले आहे, किंवा कळलं आणि तिने त्याला महत्त्व दिलं नाही. तिच्या लिंका येत राहिल्या, "पाह्य अन् सांग." आणि मी... सांगत राहिले. बोलणं बंद, पण चुका काढणं चालू. शेवटी मीच एकदा न राहवून विचारलं, की त्या जागेचं भाडं किती पडलं तुला? "फुकट," मंदा म्हणाली. दुसरी बाई 'सोनं' ज्या आवाजात म्हणेल त्या आवाजात. मात्र माझ्या चुकीबद्दल ती कधीच बोलली नाही. एवढी मोठी चूक, आणि तिच्यासारखी तोंडाळ बाई गप्प. म्हणजे ती मला चिडवण्याच्याही लायकीची समजत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला आणि तो इतकी वर्षं जपून ठेवला. ती मला काय समजायची हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि ती गॅसपाशी खाली बसली.

तिच्या तेराव्याला मी गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, पुढच्या खोलीत सतरंज्या होत्या, कॉम्प्युटर कोपऱ्यात चादरीखाली. मला वाटलं, संपलं. खरं तर, सांगायला लाज वाटते पण सांगते, मला थोडं हलकं वाटलं. आता कोणी कोणाच्या पुढे नाही. मग काही दिवसांनी मिनूचा फोन आला. ती आता पुण्याला आहे आणि वेबसाइटी बनवूनच पोट भरते, तेही मंदाच्या कूलरसमोर बसून शिकल्यामुळे. म्हणाली, "आजी, दामिनीदीदी क्लास चालू ठेवून राहिली, दर रविवारी. तू जा ना एक बार." मी म्हटलं, मला काय पडली आहे. आणि त्या रविवारी इस्त्रीची साडी नेसून गेले. बघायचं होतं की दामिनीला ते जमत नाही.

मंदाच्या यजमानांनी दार उघडलं. भाऊजी प्लँटच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले, ऐकायला कमी येतं. त्यांनी मला बघून फक्त "या" म्हटलं आणि माझ्या चपला पायाने सरळ करून ठेवल्या, जसं मंदा करायची. पुढची खोली होती तशी होती. कूलर, त्याचा तो खडखडाट, भिंतीला लागून खोकी, आणि मुलं एकमेकांच्या खांद्यावरून पडद्यात बघणारी. मी दाराशीच थांबले. सवयीने जवळच्या मुलीचा धडा बघायला लागले, खोट काढायला. सापडेना. दुसऱ्या मुलीच्या पडद्यावर बघितलं. तोही धडा नेटका. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे धडे मी ओळखते. जे जे मी फाडून ठेवले होते त्यातला एकही या खोलीत नव्हता. भरभर बोलणारा नव्हता, मुंगीएवढ्या अक्षरांचा नव्हता, चुकीच्या उत्तराचा नव्हता. इथे होते ते सगळे असे, ज्यांच्यापुढे माझी जीभ अडली होती. ती "बरं" म्हणून चपला घालून जायची ती रुसून नाही, कामाला जायची. इतकी वर्षं मंदाने माझ्या जळण्यावर आपला वर्ग निवडून घेतला होता, जुडीतलं पिवळं पान काढून टाकावं तसा. आणि तेही फुकट. एक पैसा दिला नाही बाईने. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मधल्या रांगेतली एक नवी मुलगी कुरकुरली, "दीदी, मेरा पेज भैया के फोन पर नहीं खुल रहा. पता तो सही भेजी हूँ." शेजारच्या मुलांनी तिच्या पडद्यावर वाकून बघितलं, आणि सगळी खोली एका सुरात ओरडली, "आजी का पता!" हसण्याचा एक लोट उठला. मला समजेना. मग समोरच्या मोठ्या पडद्यावर दामिनीने सरावाने एक जुना फोटो उघडला. तो पिवळा. तो झेंडू. 'माझी बाग.' आणि वर पट्टीत तो पत्ता, 'फाइल'पासून सुरू होणारा, माझ्या नावासकट. मंदाने माझी चूक जशीच्या तशी, पुसून न टाकता, वर्गात ठेवली होती. या खोलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाने पहिल्या काही दिवसांत ती बघितली असणार. अहिवाऱ्याच्या, रसमड्याच्या, कुठकुठल्या घरांत मी म्हणजे 'आजीचा पत्ता' होते. मिनूलाही माहीत असणार, तीही हसली असणार. तर ही होती मंदाची शांतता. माझ्यासमोर गप्प आणि मागे रोजचा तमाशा.

मी वळले. भाऊजींनी सरळ केलेल्या चपला मला चटकन सापडल्या, हेही बरंच झालं. फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून दामिनी धावत आली, अनवाणी. या मुलीची भाषा छत्तीसगढी, शाळेत हिंदी शिकलेली, आणि मराठी शिकली ती फक्त मंदाच्या तोंडून. त्यामुळे तिला दुसरी मराठी येतच नाही. ती बोलायला लागली की मंदाचाच आवाज पोरीच्या गळ्यातून यावा तसं होतं, तोच हेल, तोच तोरा. मी तिच्याकडे पाठ करूनच विचारलं, "मंदा हसायची का गं, ते दाखवताना?" मग तिने माझ्या पुढे येऊन फाटकाची कडी धरली आणि म्हणाली,

"नाई हसे, आजी. मॅडम सांगे, चूक कराची तं सुलूसारखी करा, साऱ्या गावाले पाठवून करा. घरातच लपवून ठेवली, तं दुरुस्त कोन करन?"